रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे : सॅचेल पेजची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना शंभर वेळा आलेलं "म्हणजे" थोडं कमी केलंय, बाकी सगळं बोलले तसंच आहे.)

लोकलमध्ये लटकत असाल, बसस्टॉपवर उभे असाल, नाहीतर कानात इअरफोन घालून भांडी घासत असाल, जिथे असाल तिथे स्वागत.

आजचा विषय बेसबॉल. थांबा, थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! मलाही काही वर्षांपूर्वी बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी बीटेक केलं, नोकरीला लागले आणि डेटाबेसचं काम शिकायला लागले. आमच्या क्षेत्रात सरावासाठी बेसबॉलची आकडेवारी फार वापरतात, कारण अमेरिकेत शंभर-दीडशे वर्षांपासून प्रत्येक मॅचची नोंद ठेवलेली आहे. मी त्याच टेबलांवर क्वेरी लिहायला शिकले. खेळ माहीत नाही, पण आकडे पाठ, अशी माझी गत होती.

आणि मग मे २०२४ मध्ये एक बातमी आली. बॅटिंग सरासरीत कारकिर्दीचा विक्रम टाय कॉब या खेळाडूच्या नावावर होता. तो एका दिवसात खाली आला आणि वर जॉश गिब्सन हे नाव आलं. गिब्सन १९४७ मध्ये वारला. म्हणजे मरून ७७ वर्षं झालेला माणूस अचानक पहिल्या नंबरावर! मी म्हटलं, हा काय प्रकार? कुठेतरी बग असणार. बग नव्हता. उलट, ७७ वर्षं जो बग होता, तो त्या दिवशी थोडासा दुरुस्त झाला होता.

ती बातमी वाचता वाचता मी गिब्सनच्या एका जुन्या सहकाऱ्यापर्यंत पोचले. त्याचं नाव सॅचेल पेज. आजची गोष्ट त्याची.

आधी एका मिनिटात बेसबॉल. पिचर म्हणजे आपला बॉलर, पण तो धावत येत नाही. एका छोट्या उंचवट्यावर उभं राहून, हात हवा तसा वाकवून, साठ फुटांवरच्या बॅट्समनकडे बॉल फेकतो. बॉल टप्पा घेत नाही. बॅट्समनसमोर जमिनीत १७ इंच रुंदीची एक पट्टी असते, तिला होम प्लेट म्हणतात. बॉल तिच्यावरून योग्य उंचीने गेला किंवा बॅट्समनने फिरवलेली बॅट चुकली की एक स्ट्राईक. तीन स्ट्राईक झाले की आऊट. मागे कॅचर बसलेला असतो, आपला विकेटकीपर समजा. बस, एवढं पुरे.

आता जरा इतिहास. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बेसबॉल स्पर्धांना मेजर लीग म्हणतात. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू तिथे खेळला होता. पण त्यानंतर गोऱ्या मालकांनी आपापसांत ठरवून टाकलं की काळ्या खेळाडूला घ्यायचं नाही. कुठल्या नियमपुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच पडली नाही! साठेक वर्षं ते दार बंद राहिलं.

मग कृष्णवर्णीयांनी स्वतःचे संघ उभे केले. १९२० मध्ये कॅन्सस सिटीत रूब फॉस्टर या खेळाडू-मालकाने बैठक बोलावली आणि नीग्रो नॅशनल लीग सुरू झाली. हा शब्द आज कुणी माणसाला लावत नाही, तो अपमानाचा मानला जातो. पण त्या स्पर्धांचं नावच ते होतं, म्हणून मी फक्त नावापुरता वापरतेय. पुढे अशा आणखी लीग आल्या.

या लीगमध्ये पैसा कमी आणि प्रवास फार. खेळाडू बसमधून गावोगाव जायचे. दक्षिणेकडच्या बऱ्याच गावांत हॉटेलात खोली मिळायची नाही, खाणावळीत बसू द्यायचे नाहीत. मग बसमध्येच झोपायचं, मागच्या दाराने जेवण घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी मैदानात उतरायचं. लीगच्या मॅच तेवढ्या पोटाला पुरायच्या नाहीत, म्हणून मधल्या दिवसांत जिथे मैदान मिळेल तिथे स्थानिक संघांशी मॅच. तिकिटांचे पैसे वाटून घ्यायचे आणि पुढचं गाव गाठायचं. आपल्याकडे तमाशाचे फड गावोगाव फिरतात ना, तसंच काहीसं.

सॅचेल पेजचा जन्म ७ जुलै १९०६ चा, अलाबामा राज्यातल्या मोबील शहरातला. हो, शहराचं नावच मोबील. खरं नाव लीरॉय. बारा भावंडांतला सातवा. आई लोकांचे कपडे धुवायची, वडील माळीकाम करायचे.

सॅचेल म्हणजे प्रवासाची बॅग. तो स्वतः सांगायचा की लहानपणी स्टेशनवर हमाली करायचो, एका काठीला दोऱ्या बांधून एकदम तीन-चार बॅगा उचलायचो, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. त्याचा एक बालमित्र सांगायचा की कसली हमाली, बॅग चोरताना पकडला गेला म्हणून नाव पडलं! खरं कुठलं, तुम्हीच ठरवा. पेजच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक गोष्टीच्या दोन आवृत्त्या आहेत.

बारा वर्षांचा असताना दुकानातून किरकोळ वस्तू चोरल्या आणि शाळा बुडवली म्हणून त्याला माउंट मेग्ज इथल्या कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात पाठवलं. जुलै १९१८ ते डिसेंबर १९२३. साडेपाच वर्षं! खेळण्यातल्या अंगठ्यांसारख्या मालासाठी. पण तिथे एडवर्ड बर्ड नावाचे प्रशिक्षक भेटले. या लांबलचक, काटकुळ्या पोराला त्यांनी शिकवलं की फेकताना पुढचा पाय उंच उचल, इतका की बॅट्समनला बुटाशिवाय काही दिसलं नाही पाहिजे, आणि अगदी शेवटच्या क्षणी हात सोड. पेज पुढे म्हणायचा की पाच वर्षांचं स्वातंत्र्य देऊन मी पिचिंग शिकलो. मला हे वाक्य ऐकून बरं वाटलं नाही. सौदा त्याने केला नव्हता ना, त्याच्यावर लादला गेला होता.

बाहेर आल्यावर १९२६ मध्ये चॅटनुगाच्या संघात, महिना ५० डॉलरवर. मग बर्मिंगहॅम, मग पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स. तिथे त्याचा कॅचर होता जॉश गिब्सन, तोच, २०२४ च्या बातमीतला.

पेजचं वैशिष्ट्य काय? वेग तर होताच. पण खरी ताकद अचूकपणात. होम प्लेटच्या जागी तो च्युइंगगमचा कागद ठेवायचा आणि त्याच्यावरून बॉल फेकून दाखवायचा. प्रत्येक प्रकारच्या बॉलला त्याने नाव दिलं होतं : बी बॉल, ट्रबल बॉल, मिडनाईट रायडर. एक फेक अशी होती की तो फेकता फेकता मध्येच किंचित थांबायचा. बॅट्समन आधीच बॅट फिरवून मोकळा! पुढे मेजर लीगमध्ये त्या फेकीवर बंदी आली.

पेज संघ मात्र सारखे बदलायचा. करार केला, जास्त पैसे दिसले, निघाला. मालक वैतागायचे. आज आपण दोन वर्षांनी कंपनी बदलतो तेव्हा एचआरवाले कसे बघतात, तसं. १९३५ मध्ये तो नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कच्या संघात गेला. त्या संघात गोरे-काळे एकत्र खेळायचे. विचिटा इथली राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली आणि पेजने एका स्पर्धेत ६० स्ट्राईकआऊट केले. म्हणजे मेजर लीगने रंगाची भिंत पाडायच्या बारा वर्षं आधी, एका लहानशा गावाच्या संघाने ती पाडलीच होती. अडचण खेळात नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं.

१९३७ मध्ये तर तो डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, हुकूमशहा त्रुहियोच्या नावाने खेळणाऱ्या संघात गेला. पेज नंतर रंगवून सांगायचा की शेवटच्या मॅचला बंदूकधारी सैनिक उभे होते आणि हरलो असतो तर काय झालं असतं देव जाणे. ते जिंकले आणि सुखरूप परतले.

१९३८ मध्ये मेक्सिकोत हाताने दगा दिला. खांदा इतका दुखायचा की हात वर होईना. डॉक्टर म्हणाले, संपलं. जे मालक आदल्या वर्षापर्यंत मागे लागायचे, त्यांनी फोन उचलणं बंद केलं. त्या वेळी कॅन्सस सिटी मॉनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी त्याला घेतलं. मुख्य संघात नाही, गावोगाव फिरणाऱ्या दुसऱ्या संघात. नाव बघून लोक तिकीट काढतील, एवढाच हिशोब. पेज हळूहळू टाकत राहिला आणि १९३९ मध्ये एके दिवशी हात परत आला. कसा, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही.

१९४२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मॉनार्क्सपुढे होमस्टेड ग्रेज, आणि ग्रेजकडून जॉश गिब्सन. गोष्ट अशी सांगतात की पेजने मुद्दाम दोन बॅट्समन सोडून दिले, तिन्ही बेस भरू दिले, कारण त्याला गिब्सनशीच भिडायचं होतं. मग तीन बॉल, तीन स्ट्राईक, गिब्सन आऊट. गिब्सन आऊट झाला हे खरं. "मुद्दाम" हा भाग त्या वेळच्या बातम्यांत सापडत नाही, तो नंतर चढलेला साज असावा असं संशोधकांचं मत आहे. पण लक्षात घ्या, ज्या लोकांची लिखित नोंद कुणी ठेवत नाही, त्यांच्याकडे गोष्टी सांगण्याशिवाय दुसरं काय असतं?

आणि मग १९४५. ब्रूकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकीने ठरवलं, भिंत पाडायची. खेळाडू निवडला मॉनार्क्समधलाच. पण पेज नाही, त्याच संघातला तरुण जॅकी रॉबिन्सन. १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला. पेज तेव्हा चाळिशीला आलेला. वीस वर्षं ज्याने स्टेडियम भरवले, ज्याने गोऱ्या स्टार खेळाडूंविरुद्ध प्रदर्शनीय मॅच खेळून दाखवल्या, तो बाजूलाच राहिला. याचं दुःख त्याने नंतर आत्मचरित्रात लपवलेलं नाही. गिब्सनचं तर त्याहून वाईट. रॉबिन्सन उतरायच्या तीन महिने आधी, जानेवारी १९४७ मध्ये, तो वारला. वय ३५.

७ जुलै १९४८. पेजचा ४२ वा वाढदिवस. त्या दिवशी क्लीव्हलँडचे मालक बिल व्हीक यांनी त्याला करारबद्ध केलं. एका नामांकित क्रीडा साप्ताहिकाच्या संपादकाने लिहिलं की ही तर निव्वळ प्रसिद्धीची नौटंकी, पेज गोरा असता तर व्हीकने त्याच्याकडे बघितलंही नसतं. मला यावर हसावं की रडावं कळेना. अहो, पेज गोरा असता तर वीस वर्षांपूर्वीच तिथे असता की!

उत्तर मैदानात मिळालं. ३ ऑगस्टला पहिल्यांदा सुरुवातीपासून पिचिंग करायला उतरला तेव्हा ७२,४३४ लोक आले. २० ऑगस्टला ७८,३८२. त्या मॅचमध्ये त्याने समोरच्या संघाला एकही धाव करू दिली नाही. त्या मोसमात ६ विजय, १ पराभव. क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि वर्ल्ड सिरीजमध्ये पिचिंग करणारा पहिला कृष्णवर्णीय म्हणून पेजचं नाव लागलं. मेजर लीगच्या हिशोबात तो "नवोदित" होता. ४२ वर्षांचा नवोदित!

वयाचा विषय निघालाच आहे तर सांगते. पत्रकार त्याला सारखं वय विचारायचे. तो म्हणायचा, माझी जन्मतारीख घरच्या बायबलमध्ये लिहिली होती आणि ते बायबल बोकडाने खाल्लं. लोक हसायचे. मीही हसले. मग वाटलं, हा माणूस किती हुशार आहे. तुम्ही माझं काहीच लिहून ठेवलं नाही, मग आता मीही सांगत नाही, जा!

नंतर सेंट लुई ब्राउन्सकडून खेळला, १९५२ आणि १९५३ मध्ये ऑल-स्टार संघात निवडला गेला. आणि मग २५ सप्टेंबर १९६५ ला, ५९ व्या वर्षी, कॅन्सस सिटी अॅथलेटिक्सने त्याला एका मॅचपुरतं उतरवलं. मालकाने मुद्दाम बाजूला झुलती खुर्ची ठेवली, नर्स बसवली, सगळी गंमत. पण पेजने तीन इनिंग टाकल्या आणि बॉस्टनच्या बॅट्समनना फक्त एक हिट मिळाला. सांगतात की तो मैदानाबाहेर गेल्यावर दिवे बंद केले आणि लोकांनी काड्या आणि लायटर पेटवून त्याच्यासाठी गाणी म्हटली. आज आपण मोबाईलचे टॉर्च लावतो तसं.

आता मंडळी, इथपर्यंत ही एका भन्नाट माणसाची भन्नाट गोष्ट आहे. यापुढचं मात्र माझ्या मनात घर करून बसलंय.

पेन्शन. मेजर लीगच्या खेळाडूंना पेन्शन असायची, पण त्यासाठी ठरावीक काळ मेजर लीगमध्ये नोंदलेला लागायचा. पेजला १५८ दिवस कमी पडत होते. चाळीस वर्षं जवळजवळ रोज बॉल टाकलेल्या माणसाला १५८ दिवस कमी! कारण आधीची वीस वर्षं त्या हिशोबात धरलेलीच नव्हती. बऱ्याच संघांनी नकार दिल्यावर १९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला घेतलं आणि ते दिवस भरून दिले.

हे वाचलं त्या रात्री मी बाबांना फोन केला. माझे बाबा नाशिकला एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर होते. पहिली नऊ वर्षं ठेकेदाराकडे, हजेरी एका वहीत. मग कायम झाले. आठ वर्षं चार महिन्यांनी कारखाना बंद पडला. आपल्याकडे पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोंदलेली सेवा लागते. सतरा वर्षं तेच मशीन, तीच शिफ्ट, आणि कागदावर आठ वर्षं चार महिने. ठेकेदाराची ती वही कुठे गेली कुणाला ठाऊक. बाबांना कुणी अटलांटा भेटलं नाही. मी विषय काढला की ते म्हणतात, "जाऊ दे गं, आता काय त्याचं." त्या रात्री मी त्यांना पेजची गोष्ट सांगितली. सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "त्याला मिळाली ना पण पेन्शन?" मी म्हटलं, मिळाली. म्हणाले, "बरं झालं."

हॉल ऑफ फेमचंही तसंच. नियम काय? मेजर लीगमध्ये दहा मोसम पाहिजेत. वरवर बघता नियम सगळ्यांना सारखा. पण ज्यांना आतच येऊ दिलं नाही, त्यांनी दहा मोसम आणायचे कुठून? १९६६ मध्ये टेड विल्यम्स या गोऱ्या दिग्गजाने स्वतःच्या सन्मानाच्या भाषणात पेज आणि गिब्सनची नावं घेतली आणि तेही इथे असायला हवेत असं जाहीर म्हटलं. १९७१ मध्ये पेजची निवड झाली, तर आधी ठरलं की या खेळाडूंचा वेगळा विभाग करू. पुन्हा वेगळा! लोक भडकले, तेव्हा कुठे तो बेत मागे घेतला. पेज ८ जून १९८२ ला कॅन्सस सिटीत वारला.

आता माझ्या कामाची गोष्ट. डेटाबेसमध्ये एखादी जागा रिकामी असते, तिला आम्ही नल म्हणतो. नल म्हणजे माहिती नाही. शून्य म्हणजे माहिती आहे आणि ती शून्य आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जुन्या सिस्टिममधला डेटा नवीन सिस्टिममध्ये नेताना मी सगळ्या नलच्या जागी शून्य भरून टाकलं होतं. टेबल कसं स्वच्छ दिसत होतं! माझ्या सीनियरने ते पाहिलं आणि एवढंच विचारलं, "या लोकांनी काही केलं नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

बेसबॉलने नेमकं हेच केलं. पेजच्या नावापुढे मेजर लीगचे २८ विजय आणि ३१ पराभव, बस. १९४८ च्या आधी जणू शून्य. शून्य नव्हतं ते, कुणी नीट लिहून ठेवलं नव्हतं. मग काही वेड्या माणसांनी वर्षानुवर्षं ग्रंथालयांत बसून कृष्णवर्णीयांची जुनी साप्ताहिकं चाळली, पिट्सबर्ग कुरिअर, शिकागो डिफेंडर, मायक्रोफिल्मवर एकेका मॅचचा धावफलक शोधला आणि जुळवला. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या सात लीगना मेजर लीगचा दर्जा दिला. सुमारे ३,४०० खेळाडू त्यात आले. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत मिसळले. पेजचे विजय २८ चे १२५ झाले.

तो स्वतः सांगायचा, मी दोन हजारांवर मॅच जिंकल्या. १२५ आणि दोन हजार यांच्यामध्ये ती सगळी गावं आहेत, ती बस, ती मागची दारं, ते कागदावर न आलेले दिवस. त्यातलं खरं किती, रंगवलेलं किती, आता कधीच कळणार नाही. ती जागा रिकामीच राहणार. पण रिकामी आहे, एवढं तरी मान्य झालं.

शेवटी एकच काम सांगते. या आठवड्यात घरातल्या कुणा मोठ्या माणसाजवळ बसा, आजी, मामा, काका, कुणीही. फोनमधला रेकॉर्डर चालू करा आणि विचारा, तुम्ही आयुष्यात कुठे कुठे काम केलंत, किती वर्षं, किती पगारावर. तारखा सांगा म्हणावं. त्याने पेन्शन मिळणार नाही, मला माहीत आहे. बाबांचं मी मागच्या रविवारी केलं. एक तास बारा मिनिटांची फाईल झाली. पहिल्या ठेकेदाराकडे लागले ती तारीख त्यांना वारासकट पाठ होती.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.